सव्वीस दिवस आणि आठ वर्षे

आपल्याकडे तिठ्याला आणि चव्हाट्याला नेहमीच वेगळा मान राहिला. दृष्ट काढलेली मीठमोहरी, उतरून टाकलेला नारळ, हळदकुंकू लावलेले लिंबू ह्यांची जागा गावाबाहेरच्या तिठ्यावर. वेताळाची पालखी थांबायची तीही तिथेच. घरातले भांडण चव्हाट्यावर आले म्हणजे घराची अब्रू गेली असे आपण अजूनही म्हणतो. चार वाटा जिथे मिळतात तिथे गावाचे बरेवाईट सारे कधी ना कधी येऊन ठेपते, हे जुन्या माणसांनी नीट पाहून ठेवले होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अशाच एका चव्हाट्याची ही हकीकत आहे. तिथे नारळ नाही की लिंबू नाही. आहेत ते काँक्रीटचे खांब, पोलादी तुळया आणि त्यांच्यावरून रात्रंदिवस धावणाऱ्या मोटारी. परंतु ह्या चव्हाट्यावर आणि त्याला जोडलेल्या रस्त्यावर अठरा वर्षांत दोनदा आकाश कोसळले, आणि दोन्ही वेळा माणसांनी ते पुन्हा उभे केले. एकदा सव्वीस दिवसांत, एकदा जवळजवळ आठ वर्षांत. पहिल्या कामाचे पोवाडे पुष्कळ गायले गेले. दुसऱ्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक सांगण्यासारखे जे आहे ते त्या दुसऱ्यातच अधिक आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहर एका द्वीपकल्पाच्या टोकावर वसलेले आहे. त्याच्या पूर्वेला उपसागर, आणि उपसागरापलीकडे ऑकलंड. पूर्वी ह्या दोन गावांमधली ये-जा बोटींनी होत असे. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांना जोडणारा बे ब्रिज खुला झाला; जगप्रसिद्ध गोल्डन गेट पुलापेक्षा तो सहा महिन्यांनी वडील. पूल ऑकलंडच्या बाजूला जिथे उतरतो, त्या दलदलीच्या कडेवर निरनिराळ्या दिशांना जाणारे फाटे काढावे लागले. पुढे महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मोटारी वाढल्या, सिग्नल नसलेले रुंद 'फ्रीवे' आले, आणि त्या साध्या फाट्यांचा पुरता गुंता झाला. एका मार्गावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा; एक उत्तरेकडे बर्कलीला, एक पूर्वेच्या टेकड्यांकडे, एक दक्षिणेला ऑकलंड शहरातून सॅन होजेच्या दिशेला.

ह्या इंटरचेंजला लोक 'मेझ' म्हणतात. मेझ म्हणजे भुलभुलैया. पूर्ण नाव मॅकार्थर मेझ. पूर्वेकडे जाणाऱ्या फ्रीवेला जनरल मॅकार्थरचे नाव आहे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला ॲडमिरल निमिट्झचे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावर ज्या दोन सेनापतींनी जपानशी झुंज घेतली, ते दोघे मरणोत्तर ऑकलंडच्या वेशीवर असे रोज भेटतात. त्या परिसरात आज हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी ज्यांचे कामधंदे खाडीच्या दुसऱ्या अंगाला आहेत, त्यांना ह्या भुलभुलैयातली आपली वाट झोपेतसुद्धा सापडत असेल.

*

२९ एप्रिल २००७, रविवार. पहाटेचे पावणेचार व्हायचे होते. सुमारे साडेबत्तीस हजार लिटर पेट्रोल घेतलेला एक टँकर मेझमधल्या खालच्या मार्गावरून दक्षिणेकडे वळत होता. वळणावर त्याचा वेग आवरला नाही. तो उलटला आणि पेटला. गाडीत चालक एकटाच होता. भाजलेल्या अंगाने तो कसाबसा तिथून निघाला आणि भाड्याची मोटार करून इस्पितळात पोहोचला. त्या वेळी आजूबाजूला दुसरी गाडी नव्हती. हाच प्रसंग सोमवारी सकाळी आठ वाजता घडला असता तर काय झाले असते, ह्याचा विचारही नको.

ज्वाळा वरच्या मार्गाच्या तळाला भिडल्या. हा वरचा मार्ग म्हणजे बे ब्रिजवरून येऊन पूर्वेकडे जाणारा जोडरस्ता. त्याच्या तुळया पोलादाच्या होत्या. पोलाद वितळायला सुमारे पंधराशे अंश उष्णता लागते आणि पेट्रोलच्या उघड्या आगीत ते वितळत नाही. पण लोहाराच्या भट्टीसमोर उभा राहिलेला कोणीही सांगेल की लोखंड वाकवायला वितळवावे लागत नाही, लाल केले की पुरते. साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास पोलादाचे निम्मे बळ सरते. वीसेक मिनिटांत तुळया लोंबल्या, खांबांवरून निसटल्या, आणि वरचा रस्ता चादर घसरावी तसा खालच्या रस्त्यावर येऊन पडला.

सकाळी लोक उठले तेव्हा आकाशातून विमाने त्या दृश्याची छायाचित्रे घेत होती. राज्याचे गव्हर्नर होते चित्रपटांतून पडदा गाजवून राजकारणात आलेले आर्नोल्ड श्वार्झनेगर. त्यांनी आणीबाणी पुकारली, आणि सोमवारी लोकांनी मोटारी घरी ठेवाव्यात म्हणून आगगाड्या, बसगाड्या आणि बोटी दिवसभर फुकट केल्या. काही महिने तरी खाडीपरिसराला श्वास घेता येणार नाही, असे भाकीत जो तो करू लागला.

पुढे घडले ते असे. खालच्या मार्गाच्या तुळया आगीने वाकल्या होत्या, पण मोडल्या नव्हत्या. त्यांना टेकू दिले, पुन्हा बेताने तापवून सरळ केले, आणि ७ मे रोजी तो मार्ग सुरू झाला. त्याच दिवशी वरच्या मार्गाच्या निविदा उघडल्या. राज्याच्या रस्तेखात्याचा अंदाज बावन्न लाख डॉलरांचा होता. सी. सी. मायर्स ह्या कंत्राटदाराच्या कंपनीने आकडा टाकला होता ८ लाख ६७ हजार ७५ डॉलर!

हा वेडेपणा नव्हता. कंत्राटात एक कलम होते. काम २७ जूनपर्यंत पुरे व्हायचे; त्याआधी जितके दिवस रस्ता खुला होईल त्या प्रत्येक दिवसामागे दोन लाख डॉलर बक्षीस, पन्नास लाखांच्या मर्यादेपर्यंत; आणि उशीर झाला तर दर दिवशी तितकाच दंड. मायर्सने हिशेब केला होता तो मजुरीचा आणि मालाचा नव्हे, दिवसांचा. असा हिशेब त्याने पूर्वीही जमवला होता. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि सँटा मोनिका फ्रीवेवरचे पूल पडले, तेव्हा १४० दिवसांचे काम त्याने ६६ दिवसांत करून दाखवले होते, आणि सुमारे दीड कोटी डॉलरांचे बक्षीस मिळवले होते.

ह्या वेळी तुळया ॲरिझोना राज्यातल्या एका कारखान्यात जोडल्या जात होत्या. रस्तेखात्याचे तपासनीस कारखान्यातच ठाण मांडून बसले. एरवी नकाशा टेबलावरून टेबलावर जायला आठवडे लागतात. तो आता तासांत मंजूर होऊ लागला. ट्रकांवरून तुळया आल्या, चढवल्या गेल्या, वर काँक्रीट पडले. २४ मे रोजी रात्री रस्ता खुला झाला. कंत्राट मिळाल्यापासून सतरा दिवस, आगीपासून सव्वीस दिवस. पन्नास लाखांचे पूर्ण बक्षीस मिळवायला २ जून उजाडला तरी चालले असते. मायर्सने त्याहूनही नऊ दिवस वाचवले.

गोष्ट खरोखर स्फूर्तिदायक आहे. मनात आणले तर सरकारी कामही कसे वेगाने होते ह्याचा दाखला म्हणून ती जगभर सांगितली गेली. अभियंत्यांनी, वेल्डरांनी आणि रात्रपाळीच्या मजुरांनी त्या दिवसांत जे केले त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. मात्र एक गोष्ट त्या कौतुकात कोणाच्या लक्षात आली नाही. ह्या सव्वीस दिवसांत एकही प्रश्न विचारावा लागला नव्हता. रस्ता कुठे बांधायचा? होता तिथेच. कसा? होता तसाच, जुने नकाशे हाताशी होते. जमीन कोणाची? सरकारचीच. कोणाचे घर आड येते? कोणाचेच नाही, मेझच्या खाली दलदल भरून काढलेली ओसाड जमीन, आणि शेजारी शहराचे सांडपाणी शुद्ध करण्याचा कारखाना. आणीबाणीमुळे एरवीची चौकशी, सुनावण्या, पर्यावरणाचे अहवाल सारे बाजूला ठेवता आले होते.

जिथे प्रश्न विचारले गेले, त्या पुनर्बांधणीसाठी आपल्याला अठरा वर्षे मागे जावे लागेल आणि मेझवरून दक्षिणेकडे थोडे खाली उतरावे लागेल.

*

मेझच्या दक्षिणेला लागूनच वेस्ट ऑकलंड ही वस्ती आहे. अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पुरा झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या गाड्या ऑकलंडपर्यंत येऊ लागल्या. रेल्वेबरोबर रेल्वेचे कामगार आले. पुलमन कंपनीच्या शयनयानांमध्ये प्रवाशांची अंथरुणे घालणारे, सामान वाहणारे पोर्टर बहुतेक सारे काळे लोक होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी वेस्ट ऑकलंडमध्ये घरे केली. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनी ह्या पोर्टरांची संघटना उभारली. तिचे ऑकलंडमधले पुढारी होते सी. एल. डेलम्स. बारा वर्षे झगडून १९३७ मध्ये ह्या संघटनेने बलाढ्य पुलमन कंपनीला करारावर सही करायला लावली. दुसऱ्या महायुद्धात खाडीकाठच्या जहाजबांधणीच्या कारखान्यांसाठी दक्षिणेकडच्या राज्यांतून आणखी हजारो कुटुंबे आली. सेव्हन्थ स्ट्रीटवर दुकाने, खाणावळी, गाण्याबजावण्याचे क्लब गजबजले. श्रीमंती नव्हती, पण गाव नांदते होते.

मग रस्ता आला. सायप्रस स्ट्रीट नावाची एक रुंद सडक ह्या वस्तीच्या मधोमध जात असे. तिच्यावरून दुमजली फ्रीवे न्यायचे ठरले; वरच्या मजल्यावरून दक्षिणेकडे जाणारी वाहतूक, खालच्या मजल्यावरून उत्तरेकडे येणारी. ओळीच्या ओळी घरे पाडली गेली. जून १९५७ मध्ये सायप्रसचा हा दुमजली मार्ग खुला झाला. कॅलिफोर्नियातला तो पहिलाच दुमजली फ्रीवे. वर्तमानपत्रांनी प्रगतीचे नवे पाऊल म्हणून त्याचे स्वागत केले. त्या काळी ज्यांच्या डोक्यावरून रस्ता जायचा त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती, आणि राहणारे काळे व गरीब असले म्हणजे तर नव्हतीच.

वस्तीचे दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा भाग एका बाजूने रेल्वे आणि बंदर, दुसऱ्या बाजूने काँक्रीटची भिंत ह्यांच्या मधे कोंडला गेला. एकाच गल्लीतले शेजारी सायप्रसच्या अलीकडचे आणि पलीकडचे झाले. दिवसभर डोक्यावर घरघर, खिडक्यांत काजळी, आणि भरदुपारी रस्त्यावर सावली. तीही झाडाची नव्हे. अशी बत्तीस वर्षे गेली.

१७ ऑक्टोबर १९८९, मंगळवार, संध्याकाळचे पाच वाजून चार मिनिटे. त्या दिवशी बेसबॉलच्या जागतिक मालिकेतला तिसरा सामना सॅन फ्रान्सिस्कोत व्हायचा होता, आणि योगायोग असा की दोन्ही संघ खाडीकाठचेच, एक सॅन फ्रान्सिस्कोचा, एक ऑकलंडचा. सामना पाहायला मिळावा म्हणून लोक कामावरून लवकर निघाले होते, त्यामुळे एरवी ह्या वेळेला ठेचून भरलेला रस्ता पुष्कळ मोकळा होता. दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर सँटा क्रूझच्या डोंगरांत लोमा प्रिएटा शिखराजवळ जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.९, हादरे टिकले अवघे पंधरा सेकंद.

तेवढ्यात सायप्रसचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला. सुमारे सव्वा मैल लांबीचा. दोन मजल्यांच्या मधे बेचाळीस माणसे गेली. साऱ्या भूकंपात त्रेसष्ट माणसे दगावली. त्यांतली दोनतृतीयांश ह्या एका रस्त्यावर.

धूळ खाली बसण्याआधी जे धावले ते रस्त्याखाली राहणारे लोक होते. शेजारच्या कारखान्यांतले कामगार यंत्रे आणि शिड्या घेऊन आले. दोरखंड बांधून, लोंबणाऱ्या काँक्रीटखालून सरपटत ते मोटारींपर्यंत पोहोचले. दुसरा हादरा आला असता तर सारे त्यांच्याच अंगावर येणार होते. बत्तीस वर्षे ज्या रस्त्याने त्यांना धूर आणि सावली दिली, त्या रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसांना त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढले. चार दिवसांनी एक माणूस त्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाला तेव्हा सारे शहर रडले. महिन्याभराने तोही गेला.

रस्ता का पडला? गव्हर्नरांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले भूकंपशास्त्राचे थोर अभियंते जॉर्ज हाउझनर ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले. मे १९९० मध्ये त्याचा अहवाल आला. आपल्याकडच्या कोणत्याही गवंड्याला कळेल अशीच त्यातली मुख्य गोष्ट आहे. खांब ओतताना उभ्या सळ्यांभोवती ज्या रिंगा बांधतात, त्या सायप्रसच्या खांबांत फार विरळ होत्या. रिंगा दाट असल्या म्हणजे आतले काँक्रीट फुटले तरी पिंजऱ्यात धरून राहते. विरळ असल्या म्हणजे भुसभुशीत लाडवासारखे विखरून जाते. त्यातच वरच्या मजल्याचे खांब खालच्या चौकटीवर जिथे टेकत तिथला सांधा अशक्त होता. १९५० च्या सुमाराचे नियम पाळूनच हे बांधकाम झाले होते; ते नियमच अपुरे होते. १९७१ मध्ये लॉस एंजेलिसकडच्या भूकंपात पूल पडले तेव्हा डोळे उघडले, आणि १९७७ मध्ये सायप्रसच्या फळ्या एकमेकींपासून निसटू नयेत म्हणून पोलादी दोर बांधले गेले. फळ्या बांधल्या, खांब तसेच राहिले.

आणखी एक कारण पायाखाली होते. सायप्रसचा उत्तरेकडचा भाग खाडीच्या मऊ चिखलावर उभा होता, दक्षिणेकडचा टणक जमिनीवर. चिखल भूकंपाचे हादरे वाढवतो. ताटातली थालीपिठे हलत नाहीत पण वाडग्यातले दही डुचमळते, तसे. चिखलावरचा भाग पडला, टणक जमिनीवरचा त्याच धर्तीचा भाग उभा राहिला.

*

त्याच भूकंपात बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा एक तुकडाही निखळला होता. तो बसवून १८ नोव्हेंबर १९८९ रोजी पूल पुन्हा सुरू झाला, एका महिन्यात. साहजिकच रस्तेखात्याला वाटले की सायप्रसही त्याच जागी, पण भक्कम, चटकन उभा करावा. पैसा होता, घाई होती, जमीन ताब्यात होती. इतका महत्त्वाचा फ्रीवे मधेच तुटला होता. बंदराकडे जाणारे ट्रक लांबच्या वाटेने आणि गल्लीबोळांतून फिरत होते. घाईला कारणे खरी होती.

वेस्ट ऑकलंडने नाही म्हटले. १९५७ मध्ये ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांची मुले आता मोठी झाली होती. नागरी हक्कांच्या चळवळीतून गेलेली ही पिढी. तिला सभा घेणे, निवेदन देणे, वकील गाठणे ठाऊक होते. तिचे म्हणणे सरळ होते. निसर्गाने एका क्षणात जी भिंत पाडली ती तुम्ही आमच्या मधोमध पुन्हा बांधणार, आणि तीही आमच्याच हातांनी मेलेली माणसे बाहेर काढलेल्या जागी? शहराच्या कारभाऱ्यांनीही ह्या म्हणण्याला साथ दिली.

मग सुरू झाले ते प्रश्न, जे मेझच्या आगीनंतर कोणाला विचारावे लागले नाहीत. रस्ता हवाच का? हवा तर कुठून? जमिनीखालून, जुन्याच जागी बुटका करून, की वस्तीला वळसा घालून? निरनिराळे मार्ग आखले गेले, मोजले गेले, सुनावण्या झाल्या. शेवटी रस्ता पश्चिमेकडे सरकवायचे ठरले. वस्तीच्या कडेने, रेल्वेचे यार्ड आणि बंदर ह्यांच्या बाजूने. त्यासाठी रूळ हलवावे लागले, वर्षानुवर्षांच्या तेलाने माखलेली माती उपसावी लागली. १९१२ साली बांधलेले सोळाव्या रस्त्यावरचे देखणे रेल्वे स्थानक भूकंपाने आधीच जखमी झाले होते; आता रूळही त्याला सोडून गेले, आणि ते एकटेच उभे राहिले.

ह्याने सारे सुखी झाले असेही नाही. नव्या वाटेच्या जवळ राहणाऱ्यांनी विचारले, धूर त्यांच्या दारातून काढून आमच्या दारात आणलात त्याचे काय? तेही न्यायालयात गेले. ट्रक चालवणारे रडत होते, व्यापारी रडत होते. खर्च वाढत वाढत एक अब्ज डॉलरांपलीकडे गेला. जुलै १९९७ मध्ये नवा रस्ता सुरू झाला, उरलेले जोडरस्ते त्यानंतर पुरे झाले. रस्ता बांधायच्या कामात वस्तीतल्या लोकांनाही काम मिळावे असा आग्रह धरला गेला होता. त्यातून बांधकामाचे शिक्षण देणारी एक संस्था उभी राहिली. सायप्रस आणि मंडेला ही दोन नावे जोडून तिचे नाव ठेवले गेले.

मंडेला हे नाव इथे कसे आले? सत्तावीस वर्षांच्या कारावासातून सुटल्यावर काही महिन्यांतच, जून १९९० मध्ये, नेल्सन मंडेला ऑकलंडला आले होते. जुना फ्रीवे ज्या सायप्रस स्ट्रीटवर उभा होता, त्या सडकेला आता त्यांचे नाव आहे. मधोमध झाडे, पायवाट आणि हिरवळ असलेली मंडेला पार्कवे ही सडक २००५ मध्ये पुरी झाली. तिच्याच कडेला, चौदाव्या रस्त्यापाशी, भूकंपात गेलेल्यांची आणि त्यांना वाचवायला धावलेल्यांची आठवण ठेवणारी एक छोटी बाग आहे.

*

आता दोन आकडे शेजारी ठेवून पाहू. सव्वीस दिवस आणि आठ वर्षे. वरवर पाहणारा म्हणेल की पहिले कर्तबगारीचे लक्षण आणि दुसरे दिरंगाईचे. काही अंशी ते खरेही आहे. आठ वर्षांतली कित्येक वर्षे कागदांत, दाव्यांत आणि पैशांच्या ओढाताणीत गेली. तेवढ्या काळात आपली वाहतूक सोसणाऱ्या दुसऱ्या वस्त्यांना ह्या विलंबाची किंमत द्यावी लागलीच. मायर्सच्या रात्रपाळ्या आणि खात्याचे कारखान्यात बसलेले तपासनीस आठ वर्षांपैकी वर्ष-दोन वर्षे नक्की वाचवू शकले असते.

पण उरलेली वर्षे वाचवता आली असती ती एकाच उपायाने. प्रश्न न विचारून. तो उपाय ऑकलंडने १९५७ मध्ये एकदा करून पाहिला होता, आणि त्याची किंमत एका वस्तीने बत्तीस वर्षे हप्त्याहप्त्याने फेडली होती. रस्ता लवकर बांधणे हे तंत्राचे काम आहे. ते पैशाने आणि चांगल्या कंत्राटाने साधते. रस्ता कोणाच्या अंगावरून न्यायचा हे ठरवायला माणसांना एकत्र बसावे लागते, भांडावे लागते, आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबावे लागते. त्याला बक्षिसाचे कलम लावता येत नाही.

थांबूनही सारे मिळते असे मात्र नाही. रस्ता सरकला, पण वेस्ट ऑकलंडच्या तिन्ही बाजूंना आज फ्रीवे आहेत आणि चौथ्या बाजूला बंदर. ट्रकांच्या धुराचा आणि मुलांच्या दम्याचा प्रश्न तिथे पुढेही राहिला. २०१९ मध्ये रहिवासी आणि हवा-नियंत्रणाचे अधिकारी ह्यांनी एकत्र बसून वस्तीच्या हवेसाठी आराखडा केला. १९५७ शी ताडून पाहता ‘एकत्र बसून’ हे शब्दच तिथे नवे होते. मधल्या काळात दुसराही बदल झाला. वस्ती राहण्याजोगी होऊ लागली तशी जागांची भाडी चढली, आणि धूर खात ज्यांनी दिवस काढले त्यांतल्या कित्येकांना हिरवळ पाहण्याआधीच बिऱ्हाड हलवावे लागले. हेही ह्या हकीकतीतच लिहून ठेवले पाहिजे.

असो. सणासुदीच्या दिवसांत काँक्रीटच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीत गावी जाताना आपणही कोणत्या ना कोणत्या नव्या रुंद रस्त्यावरून जातोच, आणि घरी पोहोचल्यावर पहिले बोलणे बहुधा त्याचेच निघते: किती लवकर आलो! त्या बोलण्यात आणखी एका वाक्यापुरती जागा असायला हरकत नाही. हा रस्ता होण्यापूर्वी इथे कोण राहत होते, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. त्यांच्यापैकी कोणाला तरी नक्की ठाऊक असते.